सिमी सिंगच्या वाटेनं आयर्लंडला जायचं असेल तर

नाशिकच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा एकोणीस वर्षांचा. ऑफस्पिन टाकतो आणि सातव्या-आठव्या नंबरवर येऊन चांगली फलंदाजी करतो. जिल्ह्याकडून इन्व्हिटेशन स्पर्धेचे सामने खेळला, पण राज्याच्या एकोणीस वर्षांखालच्या संघात दोन वर्षं नाव आलं नाही. आता त्याला डब्लिनला शिकायला पाठवायचं घरात घाटतं आहे. "पंजाबचा सिमी सिंग असाच मागे राहिला, हॉटेल मॅनेजमेंट शिकायला आयर्लंडला गेला आणि तिथल्या राष्ट्रीय संघातून खेळला. आमच्या मुलाला हे जमेल का? किती वर्षं लागतील?" असं त्यांनी विचारलं आहे.

मी आधी पुण्यात मुलांना शिकवायचो. गेली सोळा वर्षं डब्लिनमध्ये आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी क्लबचं कोचिंग. असा प्रश्न मला दर उन्हाळ्यात दोन-तीन घरांतून येतो आणि बहुतेक वेळा त्यात सिमीचं नाव असतं. म्हणून आधी सिमीची कारकीर्द नीट मांडतो. तिचा शेवट सगळ्यांना माहीत आहे, मधली वर्षं कुणी मोजत नाही.

सिमरनजीत सिंगचा जन्म १९८७चा, पंजाबातल्या मोहालीकडचा. चौदा आणि सतरा वर्षांखालच्या गटात तो पंजाबकडून खेळला. एकोणीसच्या गटात निवड झाली नाही. हॉटेल मॅनेजमेंट शिकायला तो आयर्लंडला आला आणि २००६च्या सुमारास डब्लिनच्या उत्तरेला समुद्राकाठी असलेल्या मालाहाइड या गावाच्या क्लबकडून खेळू लागला. आयर्लंडकडून पहिला एकदिवसीय सामना त्याला मिळाला मे २०१७मध्ये, न्यूझीलंडविरुद्ध, त्याच मालाहाइडच्या मैदानावर. तेव्हा त्याचं वय तीस होतं.

म्हणजे तुमच्या "किती वर्षं" या प्रश्नाचं सिमीपुरतं उत्तर अकरा वर्षं असं आहे. अकरा हिवाळे, अकरा उन्हाळे, आणि प्रत्येक उन्हाळ्यातले वीसेक शनिवार. पहिल्या चार-पाच वर्षांत त्याला कुणी सांगितलं असतं की तू तिसाव्या वर्षी खेळशील, तर तो थांबला असता का, हे मला माहीत नाही. पण तो खेळत राहिला, एवढं नोंदवलेलं आहे. आधी क्लब, मग लेन्स्टर लाइटनिंग हा डब्लिनच्या प्रांताचा संघ, मग राष्ट्रीय संघ, पुढे 'क्रिकेट आयर्लंड' या इथल्या बोर्डाचा करार. इथली शिडी अशीच आहे. क्लब, प्रांत, 'वुल्व्हज' नावाचा अ संघ आणि मग आयर्लंड. सहसा पायरी गाळता येत नाही.

त्याचं खरं वर्ष २०२१. जानेवारीत अबू धाबीला यूएईविरुद्ध त्यानं दहा षटकांत दहा धावा देऊन पाच बळी घेतले. हा आकडा पुन्हा एकदा वाचा, कारण तुमचा मुलगा ऑफस्पिनर आहे. साठ चेंडू, दहा धावा. जुलैमध्ये मालाहाइडलाच दक्षिण आफ्रिकेनं यानेमन मलानच्या नाबाद १७७ आणि क्विंटन डी कॉकच्या १२० धावांवर ३४६ केल्या. आयर्लंडची अवस्था ६ बाद ९२ अशी झाली. आठव्या नंबरवर आलेला सिमी ९१ चेंडूंत १०० धावा करून नाबाद राहिला. एकदिवसीय क्रिकेटमध्ये आठव्या किंवा त्याखालच्या नंबरवरून झालेलं ते पहिलं शतक. आयर्लंड २७६पर्यंत गेलं आणि ७० धावांनी हरलं. त्याच मालिकेतला आदला सामना मात्र आयर्लंडनं जिंकला होता, कप्तान अँडी बालबर्नीच्या शतकावर. वर्ष संपलं तेव्हा आयसीसीच्या वर्षाच्या एकदिवसीय संघात आयर्लंडचे दोघं होते, पॉल स्टर्लिंग आणि सिमी.

एकूण ३५ एकदिवसीय, ५३ टी-ट्वेंटी. एकदिवसीयमध्ये ५९३ धावा आणि ३९ बळी, टी-ट्वेंटीत ४४ बळी. पुढे २०२४मध्ये त्याचं यकृत निकामी झालं, भारतात प्रत्यारोपण करावं लागलं, आणि त्याच्या बायकोनं स्वतःच्या यकृताचा भाग दिला. त्या सप्टेंबरमध्ये इथल्या प्रत्येक क्लबच्या ड्रेसिंग रूममध्ये पहिला विषय सिमीच्या तब्येतीचा असायचा. ज्यांनी त्याच्याविरुद्ध शंभर सामने खेळले होते ते रोज बातमी बघत होते. या माणसाला इथल्या लोकांनी आपला मानलं आहे ते अशा वेळी दिसतं.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुम्ही विचारता, मुलगा आयर्लंडकडून खेळू शकेल का. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. आयर्लंडची टोपी कधीच मिळाली नाही, तरी ही वर्षं त्याच्यासाठी चांगली गेली असं तुम्ही आणि तो म्हणाल का? याचं उत्तर "हो" असेल, तर पाठवा. "नाही" असेल, तर सिमीच्या उदाहरणावर कर्ज काढू नका. हे मी प्रत्येक पालकाला सांगतो आणि निम्मे पालक नाराज होतात, पण या बाबतीत मी भीड ठेवत नाही.

का, ते सांगतो. सिमी आला तेव्हाचं आयर्लंड आणि आजचं आयर्लंड यांत खूप फरक पडला आहे. २००७च्या विश्वचषकात सेंट पॅट्रिक्स डे या आयर्लंडच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, १७ मार्चला, जमैकात आयर्लंडनं पाकिस्तानला १३२ धावांत गुंडाळलं आणि नायल ओब्रायनच्या ७२ धावांवर सामना जिंकला. त्या संघातले कितीतरी जण नोकरीतून रजा काढून खेळायला गेले होते. २०११ला बेंगळुरूत इंग्लंडच्या ३२७ धावांचा पाठलाग करताना केव्हिन ओब्रायननं पन्नास चेंडूंत शतक ठोकलं, ते तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. तरीही त्या काळात आयर्लंडचे सगळ्यांत चांगले खेळाडू कसोटी खेळता यावी म्हणून इंग्लंडकडे जात. एड जॉइस गेला आणि परत आला. ऑइन मॉर्गन गेला आणि २०१९ला इंग्लंडचा विश्वविजेता कप्तान झाला. तो डब्लिनचाच, इथून जवळच्या रश गावात वाढलेला.

जून २०१७मध्ये आयर्लंड आयसीसीचा पूर्ण सदस्य झाला, म्हणजे कसोटी खेळायचा हक्क मिळाला. मे २०१८मध्ये पहिली कसोटी झाली, पुन्हा मालाहाइडलाच, पाकिस्तानशी. केव्हिन ओब्रायननं तिथं ११८ केल्या. मार्च २०२४मध्ये अबू धाबीला अफगाणिस्तानला हरवून पहिला कसोटी विजय मिळाला. या सगळ्याचा तुमच्या मुलाच्या दृष्टीनं अर्थ असा, की आता आयरिश शाळेतल्या मुलाला तेराव्या-चौदाव्या वर्षापासून प्रांताच्या वयोगटात घेतात, इनडोअर नेट असतं, हिवाळ्यात फिटनेसचा कार्यक्रम असतो. बोर्डाचे पुरुषांचे करार वीस-पंचवीसच्या घरात. एकोणिसाव्या वर्षी विमानातून उतरणारा मुलगा या रांगेत सगळ्यांत मागे उभा राहतो. रांग खरी आहे, पुढे सरकते, कुणी ढकलून बाहेर काढत नाही. पण ती लांब आहे.

"बाहेरून आलेले बरेच खेळलेत की" असंही तुम्ही लिहिलं आहे. खरं आहे. ट्रेंट जॉन्स्टन ऑस्ट्रेलियात जन्मलेला, टिम मुर्टा लंडनमध्ये, कर्टिस कॅम्फर जोहान्सबर्गला. पण कॅम्फरची आजी आयरिश आणि मुर्टाचं घराणं मूळचं आयरिश. रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यानं त्यांना पासपोर्टचा रस्ता मोकळा होता. सिमीचा रस्ता तसा नव्हता. तो शिकायला आला, राहिला आणि राहून-राहून इथला झाला. तुमच्या मुलाची तुलना करायची तर सिमीशीच करायची, कॅम्फरशी नको.

नियम थोडक्यात. देशाकडून खेळायला आयसीसीनुसार तीनपैकी एक लागतं. त्या देशात जन्म, त्या देशाचं नागरिकत्व, किंवा लागोपाठ तीन वर्षं तोच देश तुमचं मुख्य आणि कायमचं घर. तुमच्या मुलाला तिसराच मार्ग आहे. इथं "कायमचं" हा शब्द महत्त्वाचा. विद्यार्थी म्हणून मिळणारी परवानगी तात्पुरती असते. ती वर्षं धरली जातील की नाही हे प्रत्येकाच्या कागदपत्रांवर ठरतं, आणि तो निर्णय माझ्यासारख्या क्लब कोचनं द्यायचा नसतो. ती वेळ आली तर बोर्डाकडून लेखी घ्या. नागरिकत्वाच्या हिशेबात मात्र विद्यार्थी परवानगीची वर्षं धरत नाहीत, हे पक्कं. आणि आयरिश नागरिकत्व घेतलं तर भारताचं सोडावं लागतं. घरातल्या मोठ्या माणसांशी हे आत्ताच बोलून ठेवा, कारण दहा वर्षांनी हा विषय निघाला की घरात फार दुखतं. मी दोन घरांत ते जवळून बघितलं आहे.

आता खेळाचं. याच भागावर मी सगळ्यांत ठामपणे बोलू शकतो.

तुमचा मुलगा नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर आणि मॅटिंगच्या खेळपट्टीवर वाढलेला असणार. तिथं चेंडू उसळी घेतो, वेगानं सोडला तरी वळतो, फलंदाज मागे सरकून कट मारायला बघतो. इथं मे महिन्यात खेळपट्टी ओली आणि मऊ. चेंडू टप्प्यावर पडला की जणू थांबतो. नवख्या भारतीय ऑफस्पिनरला पहिल्या दिवशी ते आवडतं, कारण चेंडू हळू का होईना, वळताना दिसतो. चौथ्या सामन्यापर्यंत इथल्या क्लबचा चाळिशीतला फलंदाज त्याला ओळखून बसतो. तो मागच्या पायावर जातो, चेंडू वळायची वाट बघतो आणि मिडविकेटला ढकलून एक-दोन घेत राहतो. पाऊस झालेला असेल तर आउटफिल्ड जड, चौकार कमी, म्हणून त्याला घाईही नसते. विकेट मिळत नाही आणि षटकाला पाच जातात.

यावर उपाय वेगात नाही. मुलं घाबरून चेंडू सपाट सोडायला लागतात आणि तिथंच बिघडतात. मऊ खेळपट्टीवर फलंदाजाला मागे जायला वेळच मिळू नये असा पुढचा टप्पा लागतो, जवळजवळ हाफ व्हॉलीचा, म्हणजे सहज फटकावता येईल अशा चेंडूचा, धोका पत्करून. रेषा ऑफ स्टंपच्या टोकावर, म्हणजे न वळलेला चेंडूही स्टंपवरच. आणि वेगातला बदल मनगटापेक्षा खांद्यातून आणि क्रीजच्या वापरातून. सिमी लेन्स्टरसाठी गोलंदाजी करत असताना मी त्याला पुष्कळदा साइटस्क्रीनच्या मागे उभं राहून बघितलं आहे. चेंडू फार वळायचा असं नाही. पण फलंदाजाला जागा द्यायचा नाही, आणि सहा चेंडूंतले सहा चेंडू खेळावेच लागतील असे टाकायचा. साठ चेंडूंत दहा धावा ही त्या सवयीची कमाई आहे असं मी मानतो. चौदा-पंधरा वर्षं मऊ खेळपट्ट्यांवर शनिवारी-शनिवारी टाकून ती अंगात मुरते.

थंडीचं वेगळं. एप्रिलच्या शेवटी पहिला सामना असतो तेव्हा आठ-दहा अंश तापमान आणि समुद्रावरून वारा. बोटं इतकी गार पडतात की शिवणीवरची पकड जाणवत नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे साताऱ्याकडचा एक लेगस्पिनर आला होता. पहिल्या स्पेलमध्ये त्याचे तीन चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेले. मुलगा रडवेला झाला. आमच्या म्हाताऱ्या स्कोअररनं त्याच्या दोन्ही खिशांत हात गरम ठेवायच्या पुड्या घातल्या आणि प्रत्येक चेंडूनंतर हात खिशात घालायला सांगितलं. दुसऱ्या स्पेलमध्ये त्यानं दोन विकेट काढल्या. अशा गोष्टी कुठल्याही अकादमीत शिकवत नाहीत, आणि त्या शिकायला इथं एक पूर्ण मोसम जातो.

फलंदाजीबद्दल फार लिहीत नाही. एकच सांगतो. आठव्या नंबरवर खेळणारा ऑफस्पिनर इथल्या प्रत्येक क्लबला हवा असतो. तुमच्या मुलाचं ते बलस्थान आहे, ते सोडून त्याला वर खेळायला लावू नका.

आता एक चूक, माझ्या हातून झालेली. कोल्हापूरचा एक मुलगा, मध्यमगती गोलंदाज, चांगला उंच. आमच्या क्लबमध्ये आला. पहिल्याच मोसमात दुसऱ्या संघातून पहिल्या संघात घेतला. मी त्याच्या वडिलांना फोनवर सांगून बसलो की दोन वर्षांत प्रांताकडून खेळेल. मी त्याला कधी विचारलं नाही की घरभाडं कसं भरतोस. विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास काम करता येतं. त्यानं एका दुकानात काम धरलं होतं आणि दुकानाला माणूस हवा असतो तो शनिवारी. जूनमध्ये त्यानं तीन सामने बुडवले, जुलैत नाव खालच्या संघात गेलं. वडिलांना वाटलं मुलगा ढिला पडला. मुलाला वाटलं आपण सगळ्यांना फसवतोय. तो पुढच्या वर्षी खेळायचाच थांबला. शिक्षण पूर्ण केलं, नोकरी लागली, त्याचं चांगलं चाललं आहे. पण वडिलांना दिलेला तो शब्द माझा होता, आणि तो देण्याचा मला अधिकार नव्हता. तेव्हापासून मी नवीन मुलाला पहिला प्रश्न शनिवारच्या कामाचा विचारतो, गोलंदाजी नंतर बघतो.

म्हणून तुम्हाला सांगतो, पैशाचा हिशेब करताना शनिवारची कमाई शून्य धरा. त्यावर जमत असेल तर क्रिकेट होईल. जमत नसेल तर रविवारच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळता येईल, तिथंही भारतीय, पाकिस्तानी, अफगाण मुलांचे संघच्या संघ आहेत, मजा येते, मैत्री होते. पण निवड समितीचा माणूस तिथं बघायला येत नाही.

हॉटेल मॅनेजमेंटच घ्यावं का, असंही तुम्ही विचारलं आहे. सिमीनं घेतलं म्हणून घेऊ नका. हॉटेलची नोकरी म्हणजे शनिवार-रविवार आणि संध्याकाळ. क्रिकेट खेळणाऱ्यासाठी याहून अडचणीचं वेळापत्रक मला सुचत नाही. त्याला त्यात मनापासून रस असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर सोमवार ते शुक्रवारची नोकरी मिळेल असं काहीतरी बघा. जून-जुलैत इथं रात्री साडेनऊ-दहापर्यंत उजेड असतो, ऑफिस सुटल्यावर वीस षटकांचा पूर्ण सामना होतो.

पुढची गोष्ट बहुतेक जण विसरतात. कॉलेज सप्टेंबरमध्ये सुरू होतं आणि क्रिकेटचा मोसम सप्टेंबरमध्ये संपतो. म्हणजे मुलगा येईल तेव्हा मैदानं बंद होत असतील. पहिले सात महिने अंधार, पाऊस आणि अभ्यास. घरची आठवण सगळ्यांत जास्त येते ती याच काळात, आणि नेमकी तेव्हा हातात बॅट नसते. आल्या-आल्या क्लबमध्ये जाऊन ओळख करून द्यावी. मोसमाच्या शेवटी सगळे मैदान आवरायला येतात, कव्हर सुकवून ठेवायची असतात, साइटस्क्रीन उचलायचे असतात, खेळपट्टीवर माती आणि बी टाकायचं असतं. त्या दिवशी मदतीला आलेला नवा मुलगा लोकांच्या लक्षात राहतो. इथले क्लब सभासदांच्या हातांवर चालतात, पगारी माळी बहुतेकांना परवडत नाही. जानेवारीपासून इनडोअर नेट सुरू होतात, तोपर्यंत त्याला नावानं ओळखणारी दहा माणसं तयार असली पाहिजेत.

कुठला क्लब, हे राहण्याच्या जागेवर ठरेल. शहरात फिनिक्स पार्कमधला फिनिक्स आहे, १८३०पासूनचा, आयर्लंडमधला सगळ्यांत जुना. क्लॉन्टार्फ, पेम्ब्रोक, मेरियन, वायएमसीए, प्रांताच्याच नावाचा लेन्स्टर क्लब, उत्तरेला मालाहाइड आणि स्केरीजजवळचा द हिल्स. नावाजलेल्या क्लबच्या चौथ्या संघात बसण्यापेक्षा मधल्या क्लबच्या दुसऱ्या संघात दर शनिवारी आठ-दहा षटकं टाकायला मिळणं कितीतरी चांगलं. बसनं चाळीस मिनिटांत पोचता येईल असा घ्या. किट बॅग घेऊन दोन बस बदलायच्या असतील तर ऑगस्टपर्यंत उत्साह टिकत नाही.

तुम्ही मुलाच्या फलंदाजीचा व्हिडिओ पाठवला होता, षटकारांचा. तो छान आहे, पण त्यावरून मला काही सांगता येणार नाही. अंपायरच्या मागून, कॅमेरा हलवू न देता, एका सामन्यातलं सलग सहा षटकांचं स्पेल रेकॉर्ड करा. मार खाल्लेले चेंडू कापू नका. तेच आधी बघायचे आहेत, आणि मार बसल्यावर त्याचा पुढचा चेंडू कुठं पडतो ते. मग मी इथल्या दोन-तीन क्लबच्या कोचना दाखवतो आणि ते काय म्हणतात ते जसंच्या तसं तुम्हाला कळवतो.